मी ‘जमते’ म्हणालो

वैमानिकाच्या नोकरीतल्या गमती लिहा, असं संपादकांनी सांगितलं. गमती आहेत. एक आधी सांगून टाकतो, म्हणजे त्यांचा शब्द राहील.

नागपूरहून दिल्लीला निघालो होतो. विमान वर गेल्यावर हवाईसुंदरीनं कागदी रुमालावर लिहिलेली चिठ्ठी आणून दिली. ‘आडनावावरून मोताळ्याचे वाटता. असाल तर मलकापूरवरून न्या, बायकोला वरून घर दाखवायचं आहे.’ दिल्लीला उतरताना ते गृहस्थ मुद्दाम दारात थांबले.

“नेलं का मलकापूरवरून?”

“नाही हो. आमचा रस्ता ठरलेला असतो.”

“मंग तुमच्यात अन् एस.टी.त काय फरक राह्यला?”

मी तेव्हा हसलो होतो. फरक होता, आणि तो एस.टी.च्या बाजूचा होता. माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते, म्हणून हे मला ठाऊक आहे.

वडिलांच्या नोकरीत एका शब्दाला फार वजन होतं. मुक्काम. संध्याकाळी एखाद्या गावी गाडी न्यायची, तिथंच झोपायचं, सकाळी पहिली गाडी घेऊन परत यायचं. ड्युटी कोणती लागली हे ऐकलं की वडील एवढंच विचारायचे, “मुक्काम कुठी?” बीबी गावचा मुक्काम त्यांना आवडायचा. तिथं एका किराणा दुकानदाराचा ओटा होता, वारा यायचा, झोप लागायची. एका दुसऱ्या गावी गाडीतच बाकावर झोपावं लागे, मच्छर फोडून काढायचे. त्या मुक्कामावरून आले की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

एकदा अशाच मुक्कामावरून परतल्यावर त्यांना लगेच दुसरी गाडी न्यायला सांगितली. मी डबा घेऊन गेलो होतो, सातवीत असेन. वडिलांनी कंट्रोलरच्या खिडकीतून ड्युटीचा कागद बाहेर ओढला आणि त्यावर लिहिलं, ‘झोप झाली नाही. गाडी नेणार नाही.’ खाली सही केली. कंट्रोलर ओरडला, चारचौघांत वाट्टेल ते बोलला. वडील लिंबाखाली जाऊन बसले, डबा उघडला आणि मला म्हणाले, “जेव तूही.” गाडी दुसऱ्यानं नेली. दुसऱ्या दिवशी वडील कामावर गेले. बस, एवढंच घडलं. मला मात्र त्या दिवशी लाज वाटली होती. लोक बघत होते म्हणून.

मला पहिली नोकरी लागली तेव्हा मोताळ्यात विहारासमोर सत्कार झाला. लोकांनी पगार विचारला, विमानात जेवायला काय देतात ते विचारलं, हवाईसुंदऱ्यांबद्दल आडून विचारलं. वडिलांनी गर्दी ओसरल्यावर विचारलं, “मुक्काम कुठी राहते तुमचा?”

“हॉटेलात. मोठ्या हॉटेलात, बाबा.”

“झोप लागते का तिथं?”

मी म्हणालो, लागते. तोपर्यंत मी अशा हॉटेलात एकदाही झोपलो नव्हतो.

जिल्ह्यातली मुलं-मुली आता वैमानिक होतात. दोन कंपन्यांची पत्रं हातात आली की कुणाला तरी विचारतात, काका, कुठं जाऊ? त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो.

वैमानिकाचं काम महिन्याच्या एका तक्त्यावर चालतं, त्याला रोस्टर म्हणतात. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठून कुठं. उडण्याचे तास मोजतात ते विमान हललं की मोजायला लागतात. माणसाचा दिवस मात्र गजर वाजल्यापासून सुरू होतो. सकाळी सहाचं विमान असेल तर गजर तीनचा. तीनला उठायचं तर रात्री आठला झोपायला हवं, आणि आठला शेजारच्या घरी टीव्ही लागलेला असतो, आपली पोरं अभ्यासाचं विचारायला येतात. अशी एक पहाट निघून जाते. दोन निघतात. सलग चौथ्या पहाटे माणूस चालतो, बोलतो, बटणं बरोबर दाबतो, पण आत कुणी नसतं.

म्हणून पत्रातला पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी हे विचारायचं: सलग किती पहाटा लावता? रोस्टर हातात आल्यावर किती वेळा बदलता? पहाटांनंतर लगेच रात्रीची ड्युटी देता का? झोपायला आपल्या घरी किती वेळा येतो? आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: मी थकलो आहे, आज नेणार नाही, असं कुणी म्हटलं तर पुढं काय होतं?

नियम स्वच्छ आहे. थकलेल्या वैमानिकानं उडू नये, त्याच्यावर जबरदस्ती करू नये. त्यासाठी एक फॉर्म असतो. आमच्या कंपनीत कुणी कधी जबरदस्ती केली नाही. फॉर्म भरला की फक्त एक फोन यायचा.

तो फोन मी करायचो.

इथवर आलोच आहे तर मागचंही सांगतो. माझी स्वतःची एक सकाळ. सलग चौथी पहाट होती. एका शहरात उतरत होतो, ऊन चढलं होतं, हवा निर्मळ. मी नियंत्रण कक्षाला उतरायची परवानगी मागितली आणि शहराचं नाव घेतलं ते आदल्या दिवशीचं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “कॅप्टन, तिथं तुम्ही काल होता.” शेजारचा सहवैमानिक हसला. मीही हसलो. उतरल्यावर स्वच्छतागृहात जाऊन नळाखाली डोकं धरलं. मग थकव्याचा फॉर्म काढला, नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि फाडून टाकला. बाहेर सगळे चहा घेत होते. त्यांच्यासमोर थकलेला कॅप्टन म्हणून जायची लाज वाटली. एस.टी. स्टँडवरची लाज होती तीच, तेवढीच.

त्यानंतर काही वर्षांनी मोताळ्यात आईला अर्धांगवायू झाला. वडील तोवर गेले होते. मला नागपूर बेस हवा होता, म्हणजे ड्युटी नागपूरहून सुरू होऊन नागपूरलाच संपेल. आणि मधले दिवस मोताळ्यात राहता येईल असं रोस्टर. बेसच्या मॅनेजर साहेबांना भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “तुमचा आवाज चांगला आहे. पोरं तुमचं ऐकतात. फॉर्म भरणाऱ्यांशी जरा बोलत जा. समजावायचं, दुसरं काही नाही.”

तेव्हापासून माझ्या पहाटा बंद झाल्या. सकाळी आठच्या आधी माझी ड्युटी लागेना. आठवड्यातले दोन दिवस मोताळा. पण पहाटेची विमानं काही बंद झाली नव्हती. माझ्या वाट्याच्या पहाटा कुणाच्या तरी वाट्याला गेल्या. नवे, विशी-पंचविशीतले, ज्यांना साहेबांच्या केबिनमध्ये बसायला खुर्ची नव्हती त्यांच्या. रोस्टर सगळ्यांना दिसतं. मलाही दिसायचं.

फोन कसा करायचा, याची माझी पद्धत होती. पहिलं वाक्य, “जेवलास का?” आमच्या भागात कुणाकडे काम घेऊन गेलं की आधी जेवणाचं विचारतात. त्यानं समोरचा माणूस अर्धा विरघळतो. मग घरचं विचारायचं. मग, “एकच तर सेक्टर आहे,” म्हणजे एकदा उडणं, एकदा उतरणं. मग, “बघ, जमते का. नाही जमत तर सांग, मी साहेबांना सांगतो.” मी कधी आवाज चढवला नाही. नाही म्हणणारे दोनचार निघाले. त्यांची नावं मी साहेबांना सांगितली, कारण साहेब विचारायचे.

आता गजाननचं सांगायला हवं. गजानन मोताळ्याच्या शाळेत माझ्या बाकावर होता. पुढं संग्रामपूरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, तिथंच स्थिरावला. दोन गावांत अंतर बरंच, पण मी मोताळ्यात आलो हे त्याला कसं कळायचं कोण जाणे. दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर फोन लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, “काय कॅप्टन, जमिनीवर हाय का आज?” त्याची थोरली कल्याणी. वडिलांच्या दुकानात बसून पिस्टनच्या रिंगा मोजता मोजता भौतिकशास्त्रात पहिली आली आणि मग वैमानिक झाली. माझ्याकडे बघून झाली, असं गजानन सगळ्यांना सांगायचा.

तिच्या हातात दोन पत्रं आली तेव्हा दोघं मोताळ्याला आले. आठवडी बाजाराचा दिवस होता, गजाननच्या पिशवीत मेथीच्या जुड्या होत्या. आई खाटेवर, मी अंगणात खुर्च्या टाकल्या. कल्याणीनं लाँगबुकातला एक कागद काढला. त्यावर तिनं प्रश्न लिहून आणले होते, समोर उत्तराला जागा सोडलेली.

एक पत्र लहान कंपनीचं होतं. पंख्याची लहान विमानं, जवळजवळची गावं, संध्याकाळी नागपूरला परत. कॅप्टन व्हायला उशीर लागला असता. दुसरं पत्र आमच्या कंपनीचं.

“मले तर लहानच बरी वाटते काका,” ती म्हणाली. “रोज घरी झोपाले भेटते.”

“झोपाले काय जाऊन राह्यली का तू नोकरीवर?” गजानन म्हणाला. “कॅप्टनले विचार. आपल्या जिल्ह्यात दुसरा कोन हाय विचाराले?”

तिनं वाचायला सुरुवात केली. “सलग किती पहाटा लावतात?”

“तीन. कधी चार. जमते.”

“रोस्टर बदलते का मधातच?”

“थोडं बदलते. जमून जाते.”

“दिवसा हॉटेलात झोप लागते?”

“पडदे जाड असतात. सवय झाली की जमते.”

‘जमते’ हा आमच्याकडचा मोठा सोयीचा शब्द आहे. तब्येत विचारली, जमते. सून कशी आहे, जमते. भाजीत मीठ कमी आहे का, जमते. यातलं कोणतं जमते म्हणजे चांगलं, कोणतं म्हणजे सोसतोय आणि कोणतं म्हणजे आता पुढं विचारू नका, हे ऐकणाऱ्यानं तोंडाकडे बघून ओळखायचं असतं. कल्याणी कागदाकडे बघत होती. तिनं प्रत्येक प्रश्नासमोर ते तसंच उतरवून घेतलं.

शेवटचा प्रश्न तिनं मान वर करून विचारला. “अन् काका, थकलो म्हटलं तर?”

मी चहाचा घोट घेतला. “त्यासाठी फॉर्म असतो.”

“भरला की सुटी भेटते?”

“फॉर्म असतो ना. तो भरायचा.”

तिनं लिहिलं, ‘फॉर्म असतो’. गजानन म्हणाला, “पाह्य, सगळं लिहेल हाय त्याईचं.”

मी खोटं का बोललो? साहेबांनी सांगितलं होतं, तुमच्या भागातली पोरं आणा, माणसं कमी पडतात. ते एक कारण. पण खरं कारण त्याहून हलकं होतं. वीस वर्षं मी गजाननसमोर त्या नोकरीचा कॅप्टन होतो. त्याच्यासमोर त्या नोकरीत खोट काढायची तर इतकी वर्षं मी काय करत होतो, हेही सांगावं लागलं असतं. मी उलट म्हणालो, “लहान विमानावर किती दिवस काढशील? आमच्याकडे चार-पाच वर्षांत कॅप्टन होशील. नागपूर बेस मी मिळवून देतो.”

मिळवून दिला. तिनं पेढे आणले, माझ्या पाया पडली.

दोन वर्षं ती माझ्याच बेसवर होती. चांगली उडवायची. हात हलका, बोलणं मोजकं. मी तिच्यासोबत मोजून सहा वेळा उडलो, कारण ती बहुतेक पहाटेच्या विमानावर असायची. एकदा जाता जाता म्हणाली, “काका, तुमचं रोस्टर लय भारी हाय.” मी म्हणालो, आईमुळे. ती म्हणाली, “हाव, तेही बरोबर.”

त्या दिवशी मी मोताळ्यात होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. आईच्या खाटेजवळ बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. साहेबांचा फोन आला. दुपारच्या विमानाला सहवैमानिक नाही. कल्याणी स्टँडबायवर आहे, म्हणजे कुणी आलं नाही तर जायला तयार राहायची तिची पाळी. आणि तिनं थकव्याचा फॉर्म भरलाय. “तुमच्या गावाकडची आहे. बोला जरा.”

मी रोस्टर उघडून बघितलं. चार सलग पहाटा. पाचव्या दिवशी सुटी होती, ती बदलून स्टँडबाय केलेली. जे दोन दिवस मी मोताळ्यात होतो, त्यातली एक पहाट माझ्या नावावर असू शकली असती. हे सगळं मी बघितलं आणि नंबर लावला. शेंगांची परात मांडीवरच होती.

“जेवलीस का?”

“नाही काका. झोपायचं पाह्यते, तर झोपच नाही येऊन राह्यली.”

“किती झाली झोप?”

“दोन तास असंल. डोळ्यापुढं अक्षरं हालून राह्यली, काका. म्हणून फॉर्म भरला.”

“बरं केलंस. फॉर्म त्यासाठीच असतो.” मग मी थोडं थांबलो. थांबणं हाही पद्धतीचा भाग होता. “एकच जाणं-येणं आहे बघ. तुझ्यासोबत कॅप्टन अनुभवी आहेत, ते सगळं बघतील. साहेबांनी मला फोन केला म्हणून विचारतो. तुझा बेस आपण मागून घेतला होता ना. बघ, जमते का. नाही तर मी सांगतो त्यांना.”

तिच्या मागं कुठंतरी कुकरची शिटी झाली.

“जमते ना?” मी म्हणालो.

“जमते, काका.”

“मग फॉर्म तेवढा मागं घे. नाही तर नाव सिस्टीममधून सुटत नाही.”

“हाव.”

फॉर्म मागं घेतला की तो भरलाच नव्हता, असं होतं. कागदोपत्री कल्याणी त्या दिवशी ताजीतवानी होती.

विमान गेलं, आलं. उतरताना तिनंच उतरवलं, आणि सोबतच्या कॅप्टननं नंतर मला सांगितलं की सुरेख उतरवलं. स्टँडबायवरून अचानक बोलावल्यामुळे कंपनीची गाडी वेळेवर पोचली नव्हती, म्हणून ती आपल्या स्कूटीनं विमानतळावर गेली होती. तीच घेऊन खोलीवर परत निघाली. दिवेलागण होत होती. वळणावर सळ्यांनी भरलेली ट्रॉली उभी होती, मागं लाल कापड बांधलेलं. लोकांनी सांगितलं, ब्रेक मारल्याचा आवाजच आला नाही. हेल्मेट होतं. त्याची काच वर होती.

ती वाचली. डावा डोळा गेला.

दोन्ही डोळ्यांनी अंतराचा अंदाज घेता येण्यावर हे सगळं काम उभं आहे. मेडिकल, म्हणजे डॉक्टरी तपासणीचा दाखला, हाच आमचा परवाना; तो तिला परत मिळाला नाही. कंपनीनं फुलं पाठवली. अपघात ड्युटी संपल्यावर, स्वतःच्या वाहनावर, समोरचं वाहन उभं असताना. पोलिसांच्या कागदात आणि कंपनीच्या कागदात फरक नव्हता, आणि दोन्हींत चूक काही नव्हती. माझा फोन कुठल्याच कागदात नव्हता.

दवाखान्यात गजानन भिंतीला टेकून बसला होता. मला बघितल्यावर उठला, माझा हात धरला. “तू आला, आता मले काई नाही. त्या कंपनीवाल्याईशी तूच बोल बे. मले त्याईचं इंग्रजी समजत नाही.” मी बोललो. सगळं व्यवस्थित करून दिलं, दवाखान्याचं, कागदांचं, खोली रिकामी करण्याचं. तिच्या खोलीत ओट्यावर कुकर होता, झाकण न उघडलेला. मी तो बाहेर नेऊन रिकामा केला, घासला आणि बाकी सामानासोबत खोक्यात भरला. आजपर्यंत गजानन मला त्या दिवसांसाठी दुवा देतो. लोकांसमोर सांगतो, सख्खा भाऊ असता तर एवढं केलं नसतं.

इथं वाचणाऱ्याला वाटेल की मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. नाही दिला. त्यानंतर दीड वर्ष मी फोन करत राहिलो. ‘जेवलास का’ तेवढं म्हणणं सोडलं. मग आई गेली आणि चांगल्या रोस्टरचं कारण संपलं. साहेबांनी पुढच्या महिन्यात माझ्या नावावर पहाटा टाकल्या, तेव्हा मी नोकरी सोडली. लोकांना तब्येतीचं कारण सांगितलं.

आता बुलढाण्यात राहतो. या वर्षी उन्हाळ्यात गजाननचा फोन आला, “येऊन जाय, पोरगी भेटाले म्हणते.” कल्याणीनं दुकानाच्या वरच्या खोलीत शिकवणी सुरू केली आहे, गणित आणि भौतिकशास्त्र. भिंतीवर फळा, चाळीसेक चपला जिन्यात. मी पोचलो तेव्हा मुलं सुटत होती. ती बोलताना मान जरा डावीकडे वळवते, उजवा डोळा पुढं यावा म्हणून. बाकी तशीच आहे. बोलणं मोजकं.

“काका, बीबीकडची एक पोरगी हाय. दोन कंपन्यांची पत्रं आली तिले. मले विचारते.” तिनं टेबलाच्या खणातून एक कागद काढला. लाँगबुकाचा, घडीवर फाटत आलेला. डावीकडे तिचे प्रश्न. उजवीकडे, तिच्याच अक्षरात, ओळीनं: जमते. जमून जाते. जमते. शेवटी, फॉर्म असतो.

“हे खोडून नीट भरून द्या,” ती म्हणाली. “तिले द्यायचं हाय.”

मी पेन घेतलं. पहिल्या ‘जमते’वर रेघ मारली आणि लिहिलं, चौथ्या पहाटे शहराचं नाव चुकतं. दुसरं खोडलं, लिहिलं, सुटीसुद्धा बदलतात. खाली येत गेलो. शेवटच्या ओळीवर आलो, ‘फॉर्म असतो’ खोडलं आणि थांबलो. मग लिहिलं, ‘फोन येतो.’ आणि मान खाली घालूनच बोललो, जे तीन वर्षं बोललो नव्हतो. साहेब, रोस्टर, माझे मोताळ्याचे दोन दिवस, मांडीवरची परात. तिच्या पहाटांमधली एक माझी होती, तेही.

मी संपवल्यावर तिनं कागद आपल्याकडे ओढला, डोळ्याजवळ धरून माझं अक्षर वाचलं.

“तुमाले सांगतात फोन कराले, हे बेसवर सगळ्याईले माहीत होतं काका.”

“तुलाही?”

“हाव. पहिल्याच महिन्यात सांगितलं पोराईनं.” तिनं कागदाची घडी घातली. “तुमी नसता केला तर दुसऱ्या कोनी केला असता फोन. ते तर होतंच.” मग खिडकीकडे बघत म्हणाली, “पण दुसऱ्याले मी नाही म्हटलं असतं.”

खाली दुकानात कुणीतरी पट्ट्याचं माप विचारत होतं. गजानन ओरडून नंबर सांगत होता.

“बाबाले मी काही सांगितलं नाही,” कल्याणी म्हणाली. “सांगणारही नाही. ते तुमचं हाय.”

मी जिना उतरलो तेव्हा ठरवून उतरलो होतो. गजानन गल्ल्याजवळ उभा, हाताला ग्रीस. मला बघून गिऱ्हाइकाला म्हणाला, “हे पाहा, हे आमचे कॅप्टन. माह्या पोरीसाठी यानं जे केलं ते कोनी नाही करत.” गिऱ्हाइकानं नमस्कार केला. गजाननने कापडाला हात पुसले आणि मला विचारलं, “मंग कॅप्टन? कसं काय?”

मी म्हणालो, “जमते.” आणि गाडीत बसलो.

हा दिवाळी अंक गजानन दरवर्षी घेतो. आधी राशिभविष्य बघतो, मग चित्रं, मग दुकानात गिऱ्हाईक नसताना पहिल्या पानापासून एकेक लेख वाचतो, माझं नाव दिसलं तर आधी तोच. म्हणून संपादकांना मी गमतींऐवजी हे दिलं. समोर उभं राहून बोलणं माझ्याच्यानं दवाखान्यातही झालं नाही आणि त्या जिन्याखालीही झालं नाही.

गजा, तू विचारलं होतंस. नाही जमत.